ओढ्याचं तिसरं वळण

प्रिय ताई,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या भावजयीने लिहिला आहे. माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच परत पाठवशील, असं तिचं म्हणणं पडलं. एकोणीस वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस, तेव्हा ते मलाही पटलं. म्हणजे पत्राची सुरुवातच लबाडीने झाली. पण ती पहिल्याच ओळीत कबूल केली आहे, एवढं माझ्या बाजूने धर आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडावंसं वाटेल. तरी वाच.

गेले नऊ दिवस मला जेवण जात नाही. ताट समोर आलं की तो वास नाकात चढतो आणि घास तोंडातच फिरत राहतो. हात साबणाने धुतले, रॉकेलने धुतले, लिंबाने चोळले. कामाचे कपडे जाळले. तुझी भावजय म्हणते, वास हाताला नाही, डोक्यात आहे. असं म्हणत असतानाच मला अंगणातल्या नळाखाली अंघोळ करायला लावते, त्यामुळे तिच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा ते मला कळत नाही. कशाचा वास ते सांगतो, पण सगळं ओळीने सांगतो. मधूनच सुरू केलं तर मी नेहमीसारखा माझ्या सोयीच्या जागी थांबेन.

आपला ओढा पुन्हा वाकडा करताहेत. हसू नकोस, खरंच. बावीस वर्षांपूर्वी तो मीच सरळ केला होता, आठवतंय ना? तेव्हाचा ओव्हरसियर नकाशावर पट्टी ठेवून लाल पेन्सिलीने रेघ मारायचा आणि म्हणायचा, पाणी म्हणजे आगंतुक पाहुणा, जितक्या लवकर वाटेला लागेल तितकं बरं. माझं पोकलेन नवं होतं. त्या यंत्राचा हात माझ्या स्वतःच्या हातापेक्षा माझं जास्त ऐकायचा. एका उन्हाळ्यात मी सात वळणं मोडून काढली. तिसऱ्या वळणाचा डोहसुद्धा, जिथे तू मला केसांना धरून पोहायला शिकवलंस आणि मी रडायला लागलो की म्हणायचीस, ओरड पाहिजे तेवढा, पाय मात्र हलव. तो डोह बुजवायला मला दीड दिवस लागला. तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट सरळ रेघेत वाहणारं पाणी बघून छाती फुगली होती.

पुढचं तू अर्धं बघितलंस, अर्धं तू गेल्यावर झालं. पाणी वेगात जायला लागलं आणि जाता जाता दोन्ही काठांची माती घेऊन जायला लागलं. वरच्या बाजूच्या विहिरी आटल्या. खालच्या शेतांत गोटे येऊन पडले. ओढा दोन पुरुष खोल गेला आणि त्याच्या काठावर उभं राहिलं की पायाखालून ढेकळं सुटायची. ज्यांनी सरळ करा म्हणून अर्ज दिले होते तेच म्हणायला लागले की कुणी हा शहाणपणा केला. मी गप्प. गप्प बसणं ही माझी जुनी कला, हे तुला सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी सरकारने एक बाई पाठवली. जमीन कशी वापरावी, माती आणि पाणी कसं राखावं, हे शेतकऱ्यांना आणि जमीनमालकांना सांगायचं, त्यांना त्यात मदत करायची, हे तिचं काम. वय असेल तिशीचं. बारा महिने पायात गमबूट, म्हणून सगळे तिला गमबूट बाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी मनात म्हटलं, आली आणखी एक उंटावरून शेळ्या हाकायला. पण ही पायी फिरायची. कुणाच्याही शेतात गेली की आधी फावडंभर माती काढणार, हातात कुस्करणार, तिचा वास घेणार आणि मग विचारणार, तुम्हाला या जमिनीचं काय करायचंय? आणि उत्तर ऐकून घ्यायची, ताई! सरकारी माणसाने उत्तर ऐकून घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. वर्षभरात निम्मी माणसं उताराला आडवी नांगरायला लागली, बांधांवर गवत ठेवायला लागली, पीक निघाल्यावर जमीन उघडीबोडकी टाकीनाशी झाली. मग तिने ओढ्याचा विषय काढला. दोन्ही काठांचा थोडा थोडा पट्टा प्रत्येकाने सोडायचा, ओढ्याला त्याची जुनी वळणं परत द्यायची, काठाने झाडं लावायची.

एक दिवस ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "काका, ओढा पूर्वी कुठून जायचा हे कागदावर कुठेच नाही. लोक म्हणतात तुम्हाला माहीत आहे." मला माहीत असणारच. ज्याने मोडलं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी वहीच्या पानावर सातही वळणं काढून दिली. मग पंधरा दिवस तिच्याबरोबर फिरून खालच्या तीन वळणांच्या खुंट्या ठोकल्या आणि खुंट्यांना लाल फिती बांधल्या. खोटं कशाला बोलू, ते पंधरा दिवस मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की आपण कुठल्या जमिनीवर चालतोय हे मी विसरायला बघत होतो.

किळस यायला सुरुवात झाली ती सभेपासून. शाळेचा हॉल, तोच. व्यासपीठावर आपला जुना ओव्हरसियर, आता निवृत्त आणि या योजनेच्या सल्लागार मंडळावर. डोळे मिटून म्हणतो, निसर्गाला सरळ रेघ ठाऊक नसते. मला वाटलं, उठावं आणि विचारावं, ती लाल पेन्सिल कुठाय? त्याच्या शेजारी आपले मोठे मालक. त्यांची डेअरी आता तिप्पट झाली आहे आणि कपडे तिप्पट पांढरे. काठाचा पट्टा सगळ्यांच्या आधी त्यांनी सोडला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, पेपरात आलं. फाटकावर पाटी लागली, 'पर्यावरणस्नेही शेत'. पट्टा कुठला दिला, तर डेअरीच्या मागचा खालचा कोपरा, जिथे तणसुद्धा पिवळं पडून मरतं. आणि देताना हसत हसत म्हणाले, तिसऱ्या वळणाला मात्र फार आत शिरू नका, तिथे खाली खडक आहे, उगाच पोकलेनचे दात मोडतील. बाईने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, खडक आहे का हो तिथे?"

ताई, त्या डोहाच्या तळाला गुडघाभर चिखल होता. खडक असता तर तू मला तिथे उडी मारू दिली असतीस का? मी म्हणालो, "असेल."

एवढंच. असेल. मालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जुन्या ओळखीची. बाईने खुंट्या वीस पावलं अलीकडे घेतल्या.

खालची दोन वळणं या वर्षी खणून झाली. ओढ्यात पाणी साचायला लागलं, बेडूक आले, एक बगळा रोज यायला लागला. बाईने बाहेरच्या एका रोपवाटिकेतून अकराशे रोपं आणली आणि ती काठाने लावायला सगळे आले होते, अगदी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही तेसुद्धा. पाणी ओढ्याचंच घालत होते. सहाव्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मेणबत्तीवर धरल्यासारख्या तपकिरी कडा, शेंडे आत वळलेले, मातीलगत खोड काळं पडलेलं, आणि उपटून पाहिलं तर मूळ बोटांत बुळबुळीत सुटून येतं. तुला आणखी काय वर्णन करून सांगू? तुमच्या वाटिकेत दाजींनी असंच एक रोप माझ्या हातात ठेवलं होतं आणि म्हणाले होते, हे रोगाचं काम नाही, हे पाण्याचं काम आहे. त्यांना एका नजरेत कळलं होतं. ते बोलत कमी आणि रोपांना हात लावत जास्त, म्हणून लोकांना वाटायचं की या माणसाला काही कळत नाही.

बाईने पुन्हा सभा बोलावली. रोपं का जळाली याचा शोध घेऊ या म्हणाली, पाणी तपासायला पाठवू या म्हणाली. तेवढ्यात मोठे मालक उठले आणि खांद्यावरची धूळ झटकावी तसं बोलले, "मॅडम, पाण्याला कशाला दोष देता? तुम्ही आणलेली रोपंच बोगस होती."

ऐकलंस? रोपंच बोगस होती. त्याच हॉलमध्ये, त्याच खिडकीपाशी उभं राहून, एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या आणि दाजींच्या रोपवाटिकेबद्दल ते हेच वाक्य बोलले होते. एक शब्द बदलण्याची तसदी घेतली नव्हती. एकदा वापरलेलं, उष्टं, न विसळलेलं ताट दुसऱ्या पाहुण्यापुढे ठेवावं तसं ते वाक्य त्यांनी त्या पोरीपुढे ठेवलं. आणि लोक? ज्यांच्या बांधावर ती चिखलात गुडघे टेकून बसली होती ते लोक एकमेकांकडे बघून कुजबुजायला लागले, की असेल बुवा, बाहेरची रोपं, काय सांगावं. मी उठून बाहेर गेलो आणि शाळेच्या मागे, मुलांच्या पाण्याच्या नळांपाशी, भडाभडा ओकलो. तोंड धुताना मला त्या माणसाची किळस येत होती, लोकांची येत होती, पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त त्या 'असेल'ची येत होती.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वळणाचं काम सुरू व्हायचं होतं. कार्यक्रम मोठा होता. मालकांच्याच जमिनीवर कापडी मंडप, पाण्याच्या खात्याचे साहेब, ओव्हरसियर, पेपरवाला, गावातले शंभरेक लोक, सगळ्यांना नाश्त्याची पाकिटं. फीत कापून झाली की मी खुंट्यांच्या आत पहिली बकेट मारायची आणि बाजूला व्हायचं, असं ठरलेलं. सकाळी तुझी भावजय म्हणाली, आज तुमचा चेहरा असा का दिसतोय? मी म्हटलं, कसा? ती म्हणाली, दात काढायला निघाल्यासारखा.

फीत कापली. टाळ्या वाजल्या. मी यंत्र सुरू केलं आणि खुंट्यांपाशी थांबलोच नाही. लाल फिती चेनखाली गेल्या. बाई हात हलवत ओरडत होती, काका, पुढे गेलात, पुढे गेलात! मी वीस पावलं मोजून कोपऱ्यात गेलो, जिथे जुना काठ होता तिथे, आणि बकेट खाली घातली. पहिल्या बकेटला माती. दुसऱ्या बकेटला काळी माती. मोठे मालक मंडपातून पळत येताना दिसले, आणि त्यांना पळताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. तिसऱ्या बकेटला कर्रर आवाज आला आणि सिमेंटचा पाईप मधोमध तुटून वर आला.

वास आधी आला, घाण नंतर. डेअरीतल्या शेकडो जनावरांचं शेणमूत, धुण्याचं पाणी, औषधं, आंबून काळं-हिरवं झालेलं, फेसाळलेलं. ते खड्ड्यात नुसतं वाहत नव्हतं, उसळत होतं, म्हणजे वरून त्या दिवशीही सोडलेलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशीसुद्धा त्यांना एक दिवस कळ काढवली नाही! बकेटीतून शिंतोडे उडाले ते साहेबांच्या बुटांवर, फितीवर आणि त्या पांढऱ्या कपड्यांवर. लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. खरी शिसारी कशाची सांगू? वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला काहीजण जाऊन उभे राहिले आणि तिथे त्यांनी नाश्त्याची पाकिटं उघडली. एका हाताने रुमाल, एका हाताने घास. ओव्हरसियर म्हणत होता, जाऊ द्या, जुनं काहीतरी असेल, आज कार्यक्रम आहे, नंतर बघू. आणि मालकांना दम लागला होता तरी ते पेपरवाल्याला सांगत होते, आमच्या आजोबांच्या काळातलं आहे हो, आम्हालाच ठाऊक नव्हतं.

एकटी गमबूट बाई खड्ड्यात उतरली. गमबुटांच्या वरपर्यंत घाण गेली तरी थांबली नाही. तिने पाईपाचा सांधा हाताने पुसला. सांध्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं होतं, सिमेंटमध्ये बुडवून, दोन पदरी, आणि वर तारेचे तीन वेढे. तिने वर बघून सगळ्यांना विचारलं, "हे काम आजोबांच्या काळातलं नाही. असा सांधा कोण करतं इकडे?"

जमलेल्यांनी माझ्याकडे माना वळवल्या. अख्ख्या पंचक्रोशीत असा सांधा एकच माणूस करतो आणि त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरच्या विहिरीला, मोरीला त्यानेच केलेला आहे. मी यंत्र बंद केलं. इतकं शांत झालं की घाणीचा बुडबुडा फुटलेला ऐकू येत होता. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "माझं काम आहे. ओढा सरळ केला त्याच उन्हाळ्यात मीच हा पाईप टाकला."

आता तुला ते सांगतो, जे तू त्या दिवशी ओळखलं होतंस आणि ज्याची कबुली मी आजवर कुणालाच दिली नव्हती. मालक तेव्हा म्हणाले होते, छपराचं पावसाचं पाणी ओढ्यात सोडायचंय. मी पाईप टाकून दिला. पावसाच्या पाण्याला कुणी गोठ्याच्या टाकीतून नेत नाही, एवढं न कळायला मी दुधखुळा नव्हतो. त्याचं तोंड काठाच्या दगडांमागे दडवायला सांगितलं तेव्हा तर उरलंसुरलंही कळलं. पण इथलं सगळं खोदकाम त्यांच्या शब्दाने मिळायचं. मी स्वतःला सांगितलं, पावसाचं पाणी. पुढे तुमची रोपं जळायला लागली. मी वाटिकेत यायचो, तुझ्या हातचं जेवायचो आणि दाजी जळकं रोप दाखवायचे तेव्हा म्हणायचो, ऊन फार आहे या वर्षी.

मग तू तक्रार केलीस. दाजींनी जळकी रोपं ओल्या पोत्यात बांधून आणली आणि टेबलावर मांडली. शाळेच्या हॉलमध्ये बसलेल्या चौकशी समितीच्या अध्यक्षांनी मला उभं करून विचारलं, तुम्ही तिथली सगळी जमीन खणली आहे, डेअरीकडून ओढ्याकडे येणारा एखादा पाईप आहे का? ताई, तू मला वकिलासारखं काही विचारलं नाहीस. नुसती बघत राहिलीस, अगदी निर्धास्त. आपला भाऊ आहे, आता सांगेल, असं. आणि मी म्हणालो, नाही. त्यानंतर मालक बोलले ते वाक्य. महिन्याभरात लोक रोपं परत आणून तुमच्या फाटकाशी टाकायला लागले. तुम्ही वाटिका बंद केलीत आणि गेलात. आई गेली तेव्हा तू आलीस, माझ्या घरचं पाणीही न पिता दारातूनच परत गेलीस. तेव्हा मी बायकोला म्हणालो, बघ, किती ताठा आहे हिला. असं म्हणालो मी.

पुन्हा त्या खड्ड्यापाशी येतो. मालक माझ्या अंगावर धावून आले, म्हणाले, माझंच खाऊन माझ्यावरच उलटलास! मी म्हटलं, खाल्लंय म्हणूनच ओकतोय. हे वाक्य आता गावभर फिरतंय आणि लोक त्याला हसतात, पण मी ते विनोद म्हणून बोललो नव्हतो. साहेबांनी नाइलाजाने पंचनामा केला. घाणीच्या बाटल्या भरून नेल्या. पाईप त्याच दिवशी बुजवला. डेअरीवर चौकशी लागली आहे आणि फाटकावरची पाटी कुणी काढली ते कुणालाच माहीत नाही. मला आता काम कुणी सांगत नाही. काहीजण घरभेदी म्हणतात. त्याचं काही नाही. पण संध्याकाळी एकेक शेजारी येतो, खुर्ची ओढतो आणि आवाज खाली करून म्हणतो, आम्हाला कळत होतं हो. वास यायचाच. तुमच्या ताईंचं खरं होतं, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. हे ऐकून मला त्या खड्ड्यापेक्षा जास्त मळमळतं. पंचवीस-तीस घरं, ताई, आणि सगळ्यांना वास येत होता! आणि यांना तोंडावर काही सुनावावं, तर मी कुठल्या तोंडाने सुनावू?

बाईला वाटलं असेल मी मोठं काम केलं, अशी मला जरा आशा होती. तेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी ती आली, गमबूट धुवून दाराबाहेर ठेवले, कागद काढले आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीची वाटिका होती ना? मला आता लोकांनी सांगितलं." मी हो म्हणालो. ती बराच वेळ लिहीत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "खडक आहे का विचारलं तेव्हा तुम्ही 'असेल' म्हणालात. माझी अकराशे रोपं त्या शब्दाने मेली." चहा न घेताच गेली. तरी दोन दिवसांनी तिचा निरोप आला, ओढ्याचं काम थांबणार नाही, चौथ्या वळणाच्या खुंट्या ठोकायला या. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही आणि माझ्यावाचून तिला जुना ओढा सापडत नाही. मी जातो. ती पुढे चालते, मी मागे. जरुरीपुरतं बोलतो.

आता हे पत्र का लिहिलं ते. माफी मागायला नाही. तसं पत्र मी मनात अनेकदा लिहून पाहिलं आणि दर वेळी त्यात माझीच कीव जास्त निघाली. चौकशीसाठी मला लेखी जबाब द्यायचा आहे, पुढच्या गुरुवारी सही. मी तो तीनदा लिहिला. पहिल्या वेळी लिहिलं, 'पाईप टाकला गेला'. तुझी भावजय वाचून म्हणाली, कोणी टाकला? भुताने? दुसऱ्या वेळी लिहिलं, 'माझ्याकडून त्या वेळी नकारार्थी उत्तर देण्यात आलं'. ती नुसती बघत राहिली. तिसरा कागद सोबत जोडला आहे. त्यात 'मी टाकला' आहे, 'मी खोटं बोललो' आहे, 'माझी बहीण खरं बोलत होती' आहे. तरीसुद्धा मला माझा भरवसा नाही, कारण मी स्वतःबद्दल लिहायला बसलो की पेन आपोआप मऊ जागेकडे वळतं. त्या हॉलमध्ये माझ्या बरोबर समोर तू होतीस. मी कमी लिहिलं असेल तिथे तू लिही, खोटं असेल तिथे काट मार. मला लिहू नकोस, नुसता कागद परत पाठव, त्यावर जे असेल त्याखाली मी सही करीन. एक जागा मी कोरी सोडली आहे. मी 'नाही' म्हणालो, मालक ते वाक्य बोलले आणि अख्खा हॉल हसला, दाजी पोत्याची गाठ पुन्हा बांधत होते, इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं. सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो का, ते आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. तू माझ्याकडेच बघत होतीस, तुला माहीत असेल. हसलो असेन तर तेही लिही.

तुझाच,
धाकटा